वुल्व्हरहॅम्प्टनच्या पत्त्यावर

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१५ जानेवारी २०१९

श्रीराम,

नावाआधी ‘चिरंजीव’ लिहायला हवं होतं. थोरली बहीण आहे, तशी रीत आहे. पण आशीर्वाद द्यावा असं आज मनात नाही आणि या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून नुसतं नाव.

अडीच वर्षांनी लिहिते आहे. फोन करणार नाही. २४ जून २०१६ ला, युरोपीय संघ सोडायच्या तुमच्या सार्वमताच्या निकालाच्या दिवशी, तू फोनवर म्हणालास, “अक्का, तू देश सोडून गेलीस. आता तुला बोलायचा हक्क नाही.” मी फोन ठेवला तो ठेवलाच. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. फाडायचं ठरवलंस तरी दोन ओळी आधी वाचशीलच.

आज दुपारी पावणेतीनला, म्हणजे तुमच्याकडे पावणेआठला, तुमचं सरकार बाहेर पडायच्या करारावर पार्लमेंटमध्ये दोनशे तीस मतांनी हरलं. दोनशे तीस! आमच्या इथे एका केबल चॅनलवर ते सगळं थेट दाखवतात. बाहेर बर्फ साचलेलं, कुमार गॅरेजमध्ये स्नोब्लोअरशी झटापट करतोय आणि मी सोफ्यावर बसून तुमच्या पंतप्रधानांचा चेहरा बघतेय. शोभना चहाला आली होती. आमच्या मंडळातली मैत्रीण, पलीकडच्याच रस्त्यावर राहते. दहा मिनिटं बघून म्हणाली, “अगं, मत द्यायला हे सगळे उठून बाहेर का चालले? हात वर करता येत नाही का?” मी तिला समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, “पण शैला, तू रडतेस का?”

मी रडत नव्हते. मला राग आला की डोळ्यांतून पाणी येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

अर्णवला सांगितलं तर तो शिकागोहून फोनवर म्हणतो, “मॉम, यू डोन्ट इव्हन लिव्ह देअर. व्हाय आर यू सो अँग्री?” त्याला काय सांगू? त्याला वुल्व्हरहॅम्प्टन म्हणजे आजोळासारखं एक गाव, मामाचं दुकान आणि फुकटची चॉकलेटं. मी त्या गावात सोळा वर्षं माणसांना भूल दिली आणि सुखरूप जागं केलं. मिरजेहून आलेली पंचवीस वर्षांची मुलगी, तिच्या हातात त्या लोकांनी आपले श्वास दिले. त्या देशाचा पासपोर्ट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पण पंधरा वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्याला मत नाही. ज्या दिवशी मला मत हवं होतं त्या दिवशी ते तुझ्याकडे होतं आणि तू ते असं वापरलंस.

“युरोपातले थांबले की आपली माणसं येतील,” असं म्हणाला होतास ना? भाच्यांना व्हिसा मिळेल, पुतण्यांना मिळेल. आलं का कुणी? एक तरी?

तुझ्या अनयाचा जन्म माझ्या देखत झाला. ती ज्याच्याबरोबर संसार मांडणार होती तो तियागो पोर्तुगालचा, हे तुला ठाऊक होतं. तो तुझ्याच घरात राहत होता. त्याच्या ताटाशेजारी बसून जेवायचास, आणि केंद्रावर जाऊन त्याच्याविरुद्ध फुली मारून आलास.

उत्तराची अपेक्षा नाही.

शैला

*

श्रूजबरी
२८ मार्च २०१९

श्रीराम,

परवा तुझा फोन आला. पावणेतीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय, तर “अक्का, खासदाराचं पत्र तुझ्या नावाने माझ्या घरी कसं आलं?”

हो, मी तुझा पत्ता दिला. तुमच्या खासदाराला चार ईमेल पाठवल्या, प्रत्येक वेळी उत्तर आलं की तुमचा पोस्टकोड कळवा, मतदारसंघात राहणाऱ्यांनाच उत्तर देतो. मग दिला. तो पोस्टकोड माझा नाही का? तुझ्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन मी आणि कुमार राहायला आलो तेव्हा तू कुठे होतास? कागदावर घर नंतर तुझं झालं, पण त्या घरात पहिली कणीक मी मळली. तरीही चूक झाली, मान्य. लबाडी होती. पुन्हा करणार नाही. ती बाहेर पडणं रद्द करा म्हणणारी याचिका होती ना, पन्नास लाखांच्या वर सह्यांची, तिच्यावर मात्र मी माझ्या स्वतःच्या इथल्या पत्त्यावरून सही केली. ती कायदेशीर आहे. तपासून घे.

काल तुमच्या त्या सभागृहापुढे आठ पर्याय ठेवले होते. आठच्या आठ नाकारले. काय नको ते प्रत्येकाला ठाऊक, काय हवं ते एकालाही सांगता येईना. आमच्या श्रूजबरीच्या टाउन मीटिंगमध्येसुद्धा लोक झाडांची गळलेली पानं कुठे टाकायची यावरून दीड तास भांडतात, पण शेवटी काहीतरी ठरवून घरी जातात. कुमार म्हणतो, “शैला, आधी बीपीची गोळी घे आणि मग टीव्ही लाव.” मी दोन्ही एकदमच करते.

पण परवा फोनवर आपण भांडलो ते यावरून नाही. आणि फोनवर मला नीट बोलता आलं नाही म्हणून आता लिहिते.

अनयाने तुझ्याकडे एकच कागद मागितला. युरोपातून तिकडे आलेल्या प्रत्येकाला आता अर्ज करावा लागणार, सलग पाच वर्षं राहिल्याचा पुरावा दिला तर कायमचं राहता येईल, नाहीतर तात्पुरता शिक्का. तियागोकडे २०१६ च्या मेपासूनचे सगळे कागद आहेत, कारण तेव्हापासून तो त्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नोकरीला आहे. त्याआधीची सव्वादोन वर्षं तो तुझ्या दुकानात होता. तुझ्या घरात होता. तू त्याला ना पगाराची पावती दिलीस ना भाडेपावती. तू फक्त एवढंच लिहून द्यायचंस की हा माणूस या काळात माझ्याकडे कामाला होता, माझ्या घरी राहत होता. चार ओळी.

तू म्हणालास, “मी लिहून दिलं तर मलाच विचारतील, तेव्हा कागद का केले नाहीत.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय? या वयात मी चौकशा मागे लावून घेऊ?”

श्रीराम, तुझी बायको, सुचित्रा, गेली त्या वर्षी तिला शेवटचे चार महिने उचलून बाथरूमपर्यंत कुणी नेलं? मी तिथे आले होते नऊ दिवस. मी डॉक्टर, तिची नणंद, आणि मला ते जमलं नाही. तियागोने केलं. तो तिकडचा शिकलेला नर्स, तुमच्याकडची नोंदणी व्हायची होती म्हणून दिवसा तुझ्या दुकानात दुधाचे क्रेट उचलायचा, आणि घरी आला की हात धुऊन थेट तिच्या खोलीत. ती त्याला मराठीत हाक मारायची, “बाळा, जरा कूस बदल.” त्याला त्या चार शब्दांपलीकडे मराठी येत नव्हतं, पण तेवढे चार शब्द नेमके यायचे. त्या वर्षांना पुरावा नाही?

आणि एक आठवण करून देते, कारण तू विसरलेला दिसतोस. १९७९ साली तू सहा महिन्यांच्या व्हिसावर आलास आणि परत गेला नाहीस. होम ऑफिसचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना लिहून दिलं की माझा भाऊ कॉलेजात शिकतो, खर्च मी करते, शिक्षण झालं की तो जाईल. तू कॉलेजात नव्हतास. तू फाउंड्रीत खोकी बांधत होतास. मी तेव्हा हॉस्पिटलात सगळ्यांत ज्युनिअर, पकडले गेले असते तर घरी पाठवलं असतं. मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं आणि खाली सही केली. तुला तर खरं लिहायचं आहे.

परवा फोनवर मी नुसतं १९७९ म्हटलं आणि तू फोन ठेवलास. या वेळी तू.

शैला

*

श्रूजबरी
५ सप्टेंबर २०१९

श्रीराम,

तुझं जूनमधलं पत्र मिळालं होतं. तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण दर वेळी लिहायला बसले की दोन ओळींत कागद फाडून टाकायचे. आज लिहिते, कारण आज राग दुसरीकडे निघाला आहे आणि तुझ्या वाट्याला थोडा कमी आहे.

तुमच्या नव्या पंतप्रधानांनी पार्लमेंटलाच पाच आठवडे कुलूप लावायचं ठरवलं! परवा स्वतःच्याच पक्षाचे एकवीस जण एका संध्याकाळी बाहेर काढले. एक मंत्री तर चर्चा चालू असताना बाकावर आडवा पसरला होता, जेवण जास्त झालेल्या माणसासारखा. मी टीव्हीसमोर उभी राहून “अरे उठ!” म्हणून ओरडले. शोभना आता रोज येते. तिला सगळे नियम पाठ झालेत. कालच्या मतदानात सरकार हरलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, आणि मग मला म्हणाली, “हे बघायला बरं वाटतं गं. आपल्या इथलं बघवत नाही.” मार्चमध्ये तूही फोनवर तेच म्हणालास ना, “आधी तुमच्या अमेरिकेत काय चाललंय ते बघ”? बघते. त्यावरही रागावते. माझ्याकडे राग पुरून उरेल इतका आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहिलंस: “अक्का, तू ते खोटं लिहिलंस म्हणून मी राहिलो, पण त्या खोट्याचं ओझं मी उचललं. चाळीस वर्षं दारावर टकटक झाली की मी आधी पडद्याआडून बघतो. नागरिक झालो तरी बघतो. हीथ्रो विमानतळावर मला तीन तास बसवून ठेवलं होतं, क्षयाच्या संशयाने माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. हे लोक मात्र पोर्तुगालहून, पोलंडहून सकाळच्या विमानाने येतात आणि दुपारी कामाला लागतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. मला का विचारलं? मी मत तियागोविरुद्ध दिलं नाही. त्या एक्स-रेविरुद्ध दिलं.”

मी हे पत्र कुमारला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबर बोलतोय तो.” मी त्या दिवशी कुमारशीही बोलले नाही.

कारण ते बरोबर असलं तरी चूक आहे, श्रीराम. तुला दारात उभं केलं म्हणून तू दुसऱ्याला दारात उभं करणार? ज्यांनी तुला बसवून ठेवलं त्यांचं काय वाकडं झालं? त्यांनी तर तुझं मत घेतलं आणि थँक यू म्हणाले. भोगतोय तो, ज्याने तुझ्या बायकोची कूस बदलली.

जुलैमध्ये त्याचा निकाल लागला. ते ॲप आयफोनवर चालत नाही म्हणून त्याने शेजाऱ्याचा फोन मागून आणला, स्वतःचा चेहरा स्कॅन केला, पासपोर्ट स्कॅन केला. तीन वर्षांचे कागद धरले, बाकीचे नाहीत. तात्पुरता शिक्का मिळाला. तो त्या दिवशीही नर्सिंग होममध्ये गेला, ड्यूटी केली, घरी आला आणि इराला आंघोळ घातली. ती दोन वर्षांची आहे तुझी नात, आठवतंय का? तिला आता तीन भाषांत ‘नको’ म्हणता येतं.

तू विचारलंस की अनया तुझा फोन घेत नाही, माझ्याशी बोलते का. माझ्याशीही फारसं बोलणं होत नाही. सणासुदीला एखादा मेसेज. कामात असते.

कागद लिही. अजूनही चालेल. नवे पुरावे मिळाले की पुन्हा अर्ज करता येतो.

शैला

*

श्रूजबरी
२० ऑक्टोबर २०१९

श्रीराम,

तुझं पाकीट सप्टेंबरच्या अखेरीला पोचलं. कळवायला उशीर झाला.

कागद वाचला. चार ओळी म्हटलं होतं, तू दोन पानं लिहिलीस. दुकानाच्या लेटरहेडवर, तारखा घालून, सुचित्राच्या आजारपणासकट, आणि खाली सही. तू लिहिलंस, “अनया माझा फोन घेत नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतो. इंग्रजी बघ आणि तिला दे.” बघते. काही ठिकाणी दुरुस्ती हवी. घाई करून चालणार नाही, सरकारी काम आहे. तसंही या महिनाअखेरीला तुमचा देश बाहेर पडतोय, की पडत नाही, की जानेवारीत पडतोय, हे देवालाही माहीत नाही.

काल शनिवार असून सभागृह भरवलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी, असं निवेदक सारखं सांगत होता. पुन्हा हरले. मग तुमच्या पंतप्रधानांना मुदत मागणारं पत्र युरोपला पाठवावंच लागलं, तर त्यांनी ते सहीशिवाय पाठवलं, आणि मागोमाग दुसरं पाठवलं, सहीचं, की मुदत देऊ नका. हे देशाचे पंतप्रधान! शाळेत आमच्या बाईंनी असल्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं असतं. एका माणसाच्या हातून लाखो लोकांचं काय होणार हे ठरतंय आणि तो पोरखेळ करतोय. मला रात्री झोप लागली नाही.

तुझ्या पाकिटात शेवटी एक चिठ्ठी होती, वेगळी, माझ्यासाठी. “कागद दिला म्हणून माझं मन बदललं असं समजू नकोस. उद्या पुन्हा मतदान झालं तरी मी तेच मत देईन.”

हे लिहायची काय गरज होती, श्रीराम? कुणी विचारलं होतं?

अनया बरी आहे.

शैला

*

श्रूजबरी
१३ डिसेंबर २०१९

श्रीराम,

काल संध्याकाळी पाचला तुमच्या निवडणुकीच्या निकालाचा अंदाज आला, त्याच पंतप्रधानांना भक्कम बहुमत, आणि कळलं की संपलं. आता कुणी हरणार नाही, कुणी अडवणार नाही, दीड महिन्यात बाहेर. मी टीव्ही बंद केला. शोभना म्हणाली, “आता रोज दुपारी काय करायचं?” मी तिला घरी जायला सांगितलं. वाईट वाटलं तिला, आज फोन करून माफी मागितली.

तुझी मागायची आहे. ती फोनवर मागता येणार नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. नंतरच्या पत्रांत लिहिलं. अनयाशी फारसं बोलणं होत नाही, हे खोटं होतं. ती मला दर रविवारी फोन करते. ऑगस्टमध्ये ती, तियागो आणि इरा दहा दिवस आमच्याकडे राहून गेले. मागच्या अंगणात इरा खारींच्या मागे धावत होती आणि अनया स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून म्हणाली, “आत्या, तियागोला पोर्तुगालला, पोर्तोच्या एका हॉस्पिटलमध्ये जागा मिळतेय. ही वॉन्ट्स टु गो. मला कळत नाहीये. बाबा एकटे पडतील.”

मी काय म्हणाले असेन?

“जा.”

एवढंच. लगेच. विचारसुद्धा न करता. ती म्हणाली, “बाबांना सांगू?” मी म्हटलं, “त्यांनी मत देताना तुला विचारलं होतं का?”

त्या वेळी मला वाटलं मी तिची बाजू घेतेय. नंतर लक्षात आलं, मी तुला शिक्षा देत होते. तुझ्या मुलीच्या हातून.

आणि मग तुझं पाकीट आलं. तेव्हा तियागोने होकार कळवला नव्हता. अनयाला अजून राहायचं होतं. त्या दोघांचं रोज त्यावरून चाललं होतं. त्याचं म्हणणं एकच, “इथे मी कोण आहे, हे तुझ्या वडिलांनाही लिहून देता येत नाही.” आणि तू लिहून दिलं होतंस. ते माझ्या हातात होतं. दोन पानं, सुचित्राच्या नावासकट. इंग्रजीत दोन स्पेलिंगं चुकली होती, बस. मी ते त्याच दिवशी स्कॅन करून पाठवू शकत होते.

मी तुझी ती चिठ्ठी वाचली, “तेच मत देईन,” आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, पासपोर्टशेजारी. म्हटलं राहू दे आठवडाभर. मग दोन आठवडे. मग तुला ‘दुरुस्ती हवी’ असं लिहिलं. तेही खोटं होतं. २३ ऑक्टोबरला तियागोने पोर्तोला हो म्हणून कळवलं. तीस नोव्हेंबरला ते गेले. घर सोडलं, तुमच्यापासून पंचवीस मिनिटांवरचं घर, आणि गेले. तुला अजून माहीत नाही, कारण मी तिला सांगू दिलं नाही.

कागद आधी पोचला असता तर ते राहिले असते का, हे मला ठाऊक नाही. अनयालाही ठाऊक नाही. गेल्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. तिने तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाली, “आत्या, तू पण?”

मी दोन वर्षं ज्या लोकांवर ओरडतेय, जे पक्षासाठी, हट्टासाठी, दुसऱ्याची जिरवण्यासाठी माणसांची आयुष्यं टांगून ठेवतात, त्यांच्यातच मी बसलेली होते. माझ्यावर कॅमेरा नव्हता एवढंच.

कुमारला सांगितलं. त्याने गॅरेजचं दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, “आज लिही त्याला. आजच.”

त्यांचा पोर्तोचा पत्ता खाली लिहिला आहे. तुझा कागद या पाकिटात परत पाठवतेय. माझा त्यावर हक्क नव्हता.

शैला

*

श्रूजबरी
३१ जानेवारी २०२०

श्रीराम,

हे पत्र वुल्व्हरहॅम्प्टनला पाठवत नाही, पोर्तोला पाठवते, कारण तू तिथे आहेस हे अनयाने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. माझ्या डिसेंबरच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, फोन घेतला नाहीस. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट वागले असते.

तू तिथे पोचलास त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. “आत्या, बाबा आलेत.”

“कुठे?”

“खाली. रस्त्यावर. बॅग घेऊन उभे आहेत. मी खिडकीतून हाक मारली तर वर यायला तयार नाहीत. ते म्हणतात, आधी तियागोला विचार, मी आलो तर चालेल का.”

“मग?”

“तो खाली गेलाय. घरातल्या चपलांवर. पाऊस आहे.”

मी म्हटलं, “काय चाललंय ते सांग. फोन ठेवू नकोस.” ती सांगत राहिली, मी इथे स्वयंपाकघरात ओटा धरून उभी. म्हणाली, बाबांनी खिशातून कागद काढलाय. तियागो वाचतोय. भिजतोय तो कागद. अजून वाचतोय. आता त्याने बाबांची बॅग उचलली.

मग तिला रडू आलं आणि फोन बंद झाला.

त्याला दहा दिवस झाले. अनया म्हणते, तू तिथे इराला पाळणाघरात पोचवतोस, बाजारातून मासे आणतोस आणि कोळिणीशी मराठीत घासाघीस करतोस. म्हणते, तियागोने तो कागद वाळवून ठेवलाय. त्याचा आता कुठल्याच कचेरीत उपयोग नाही, तरी ठेवलाय. आणि म्हणते की परवा जेवताना त्याने तुला सरळ विचारलं, पुन्हा मतदान झालं तर काय करशील, आणि तू म्हणालास, “तेच.” आणि तो हसला आणि त्याने तुला अजून भात वाढला.

मला हे समजत नाही. मी असते तर ताट काढून घेतलं असतं. तुझ्या मतावर माझा राग आजही आहे, तसूभर कमी नाही, आणि मरेपर्यंत राहील. आज संध्याकाळी सहाला, तुमच्याकडे अकराला, तुमचा देश बाहेर पडेल. लोक चौकात जमून नाचणार आहेत म्हणे. मी बघणार नाही. कुमारने टीव्हीचा रिमोट स्वतःकडे घेऊन ठेवलाय, त्याची गरज नव्हती.

पण तुझ्यावर रागावणं वेगळं आणि तुझ्या मुलीचं आयुष्य हातात धरून ते ड्रॉवरमध्ये कोंबणं वेगळं. पहिलं मी करत राहीन. दुसऱ्यासाठी मला क्षमा कर, किंवा करू नकोस, पण तोंडाने सांग. शिव्या दे. लहानपणी आईसमोर देत होतास तशा दे. तू गप्प बसलास की मला काही सुचत नाही.

आज दुपारी दोनला मी अनयाला फोन केला, म्हणजे तिकडे सात वाजले होते. म्हटलं, बाबांना दे. तिने हाक मारली. आतून आवाज आला, “तिला सांग, मी झोपलोय.”

संध्याकाळी सात वाजता, श्रीराम! स्वयंपाकघरात भांडी वाजतायत, पोर गाणं म्हणतेय, आणि तू झोपलायस.

मला ऐकू आलं. दहा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. उद्या दोनला पुन्हा करते. परवाही करते. तू रोज सात वाजता झोप, आणि रोज तसंच मोठ्याने सांग.

तुझी,
अक्का